थोरलीची लेकरं

केरबानं डालड्याच्या जुन्या डब्यावर काठी आपटली की तलावाच्या पायरीशी पाण्याला उकळी फुटायची. हात-हात लांबीचे महाशीर मासे तोंडं उघडून गोळा व्हायचे. सोनेरी खवले, जाड ओठ, आणि सगळं लक्ष केरबाच्या मुठीतल्या पेंडेच्या गोळ्याकडे. पाहुणे आले की केरबा हा खेळ हमखास दाखवायचा आणि शेवटी एखाद्या माशाला दोन्ही हातांनी अलगद उचलून, न्हाऊन निघालेलं लेकरू दाखवावं तसा त्यांच्यापुढे धरायचा. मासा धडपड म्हणून करायचा नाही. पाहुणे तोंडात बोटं घालायचे आणि केरबा उरलेला दिवस विनाकारण मिशीवरून हात फिरवत हिंडायचा.

हा तलाव लोणावळ्यात, तुंगार्लीच्या वरच्या अंगाला. शनिवार-रविवारी खाली गाड्यांची रांग लागते, चिक्कीच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, पण वर कोणी फिरकत नाही. इंद्रायणीतले महाशीर संपत चालले, कोणी वाळू उपसली, कोणी पाण्यात सुरुंग लावले, म्हणून एका ट्रस्टनं डोंगरातला ओढा अडवून हा तलाव केला. इथं मासे सांभाळायचे, पावसाळ्यात त्यांची अंडी काढायची, पिल्लं जगवायची आणि नदीत नेऊन सोडायची, एवढंच ट्रस्टचं काम. केरबा तळं खणायला मजूर म्हणून आला होता. "तळं खनाय गेले आन तळ्यातच ऱ्हायले," असं त्याची बायको हिरा सांगते. त्यात कौतुक थोडं आणि तक्रार जास्त असते.

सुरुवातीला तलावात जे मासे आले ते इंद्रायणीच्या निरनिराळ्या डोहांतून भोई मंडळींनी पकडून आणलेले. कुठला कामशेतच्या बाजूचा, कुठला पार वरच्या खोऱ्यातला. त्या वेळचे साहेब होते सुहासराव. ते केरबाला एक गोष्ट बजावून सांगायचे. दर वर्षी अंडी काढताना सबंध तलावात जाळं ओढायचं. सगळ्या कोपऱ्यांतले नर-मादी घ्यायचे आणि गेल्या वर्षीचे पुन्हा घ्यायचे नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं असेल, नसेलही. केरबाला मात्र ते साहेबी खूळ वाटलं, कारण जाळं ओढायचं म्हणजे काय असतं हे साहेबांनी कधी हातानं करून पाहिलं नव्हतं.

तळाचे मासे बुजरे. जाळ्याची दोरी हलली की ते चिखलात शिरायचे. सापडले तर असे उसळायचे, की अंगावरचे खवले निघून जाळ्याला चिकटायचे. जखमांवर पांढरी बुरशी धरायची आणि आठवड्याभरात मासा उताणा तरंगायचा. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी अंड्यांनी टचटचून भरलेली एक मादी केरबाच्या हातातच गेली. तिला पाण्यात धरून तो किती तरी वेळ पुढे-मागे हलवत राहिला, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. ती काही हलली नाही. त्यानंतर दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही आणि हिरानं, एका माशापायी सुतक धरणारा नवरा पदरी पडल्याबद्दल, आपलं नशीब भरपूर ऐकवलं.

आणि त्याच वर्षी थोरली त्याच्या ओळखीची झाली.

थोरली म्हणजे एक मोठी मादी. शेपटीचा खालचा कोपरा फाटलेला, त्यामुळे लांबून ओळखू यायची. केरबा पायरीवर भाकरी खायला बसला की ती जवळ घुटमळायची. त्यानं तुकडा टाकला, तिनं खाल्ला. मग तो डबा वाजवायला लागला आणि ती येऊ लागली. महिन्याभरात ती हातात धरली तरी गप्प राहायची. पावसाळ्यात केरबानं तिला पायरीवरच उचललं, ओल्या फडक्यात धरलं, पोटावरून अंगठा फिरवला आणि बाजरीएवढी सोनेरी अंडी ताटलीत धारेनं उतरली. खवला गेला नाही, थेंबभर रक्त आलं नाही. तिच्यासारखाच एक धीट नर होता. त्याचं नाव केरबानं दादला ठेवलं होतं. त्याचं दूध, म्हणजे नराचं पांढरं बी, अंड्यांवर सोडलं, कोंबडीच्या पिसानं हलकेच ढवळलं आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये अंडी पसरली. त्या वर्षी जेवढी पिल्लं जगली तेवढी आधी कधीच जगली नव्हती.

हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये, असं आपल्याकडे म्हणतातच. केरबानं ते मनावर घेतलं. जाळं खुंटीला लागलं ते लागलंच. दर पावसाळ्यात थोरली आणि दादला, पुढे त्यांच्याच पिल्लांतल्या, डब्याला ओ देणाऱ्या चार-सहा मुली आणि दोन-तीन मुलगे. थोरली गेली तेव्हा केरबानं तिला तलावाच्या कडेला पुरलं आणि वर कण्हेर लावली. तळाचे बुजरे मासे तळाशीच म्हातारे झाले आणि एकेक करून संपले. ते कधी संपले हे कोणाला कळलं नाही, कारण ते होते हेच कोणाला दिसत नव्हतं. सुहासराव बदलून गेले होते. पुढचे साहेब पिल्लं किती झाली एवढंच विचारायचे आणि आकडा ऐकून खूश व्हायचे. मासे मरत नाहीत, पिल्लं भरपूर, आणि पाहुण्यांना दाखवायला खेळ तयार. अशा माणसाला चूक काढून कोण दाखवणार? त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. माया लावणाऱ्याचे हात सहसा कोणी धरत नाही.

ट्रस्टची पिल्लं ट्रस्टच्या गाडीतून नदीत जायची. पण एक पिशवी केरबा स्वतःची म्हणून मागून घ्यायचा, आणि त्या पिशवीची गोष्ट वेगळी आहे.

केरबा मूळचा टाकवे बुद्रुकचा, तिथल्या बौद्ध वस्तीतला. गावाच्या वरच्या अंगाला इंद्रायणीत जाखमातेचा डोह आहे. देवीचा डोह म्हणून त्यात कोणी गळ टाकत नाही की जाळं लावत नाही, ही पूर्वापारची रीत. आणखीही एक रीत होती. डोहाच्या दगडी पायऱ्यांवर पाणी भरायचं ते गावानं. केरबाच्या आजीनं घागर घेऊन पार खाली जायचं, जिथं गुरं धुतली जात. केरबाच्या जन्माआधीच त्याच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि बापानं पुढे कधी तरी त्या पायरीवर पाय ठेवला. त्यावरून गावात काय झालं, ते बापानं कधी धडपणे सांगितलं नाही. आता ते काही राहिलेलं नाही. पण केरबा डोहाकडे गेला की पहिल्या पायरीवर त्याचं पाऊल अजूनही क्षणभर थबकतं. ते कोणाला दिसत नाही एवढंच.

म्हणून त्यानं ठरवलं होतं, दर वर्षी अशोक विजयादशमीला त्या डोहात मासे सोडायचे. धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. ज्या पायरीवरून आजीला पाणी घेता आलं नाही, त्या पायरीवरून आपण पाण्यात जीव सोडायचे. प्राणवायू भरलेली प्लॅस्टिकची पिशवी ओल्या पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन तो लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलनं कान्हे स्टेशनला उतरायचा. डब्यातल्या बायका विचारायच्या, "भाऊ, काय हाय वो त्यात?" तो पोतं बाजूला करून दाखवायचा, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत महाशीरावर व्याख्यान. विहारात वंदना झाली की पांढऱ्या शर्टातच डोहावर. बोटाएवढी पिल्लं पाण्यात सुटायची, आणि केरबा डबा वाजवून त्यांना पहिला घास घालायचा.

डोहाच्या काठावरचं भाताचं खाचर बजरंगचं. बजरंग आणि केरबा एका वर्गात होते आणि मास्तरांचा मारही एकाच वेताच्या छडीनं खाल्लेले. डोहावर लक्ष ठेवायचं काम बजरंगच्या घराण्याकडे. केरबानं मासे सोडायला सुरुवात केली तेव्हा बजरंग नारळ घेऊन हजर असायचा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र तो जरा घुटमळला.

"केरबा, डोहात मासं हाईत की रं. दरसाल आनि कशाला?"

"असूं देत. वाढलं तर बिगडलं काय?"

"तसं न्हाई. आमचं मासं बुजरं. मानसाची सावली पडली तरी तळ गाठत्यात. तुजं धीट. दोगांचं एका पान्यात कसं जमायचं?"

केरबा पिशवीची गाठ सोडत होता. त्याचा हात थांबला. "आमचं आन तुमचं," तो म्हणाला. "अजून तेच का, बजरंग?"

बजरंगचा चेहरा उतरला. त्याच्या मनात तसलं काहीच नव्हतं. तो माशांबद्दल बोलत होता, आणि बरोबर बोलत होता. पण ती पायरी, तो दिवस आणि 'आमचं' हा शब्द, एवढं एकत्र आल्यावर केरबाला दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. बजरंगनं पिशवी केरबाच्या हातातून घेतली, स्वतः गाठ सोडली, गुडघाभर पाण्यात उतरून पिल्लं सोडली. आणि त्या दिवसापासून, मित्राचं मन राखायचं म्हणून, रोज सकाळी शेतावर जाताना तो पायरीवर तांब्या वाजवून मूठभर भात टाकू लागला. पुढे त्याची बायको सरुबाई टाकू लागली. सुट्टीच्या दिवशी डोह बघायला येणारे लोक चुरमुरे टाकू लागले. डोहातले मासे पायरीशी येतात, ही गोष्ट टाकव्यात अभिमानानं सांगितली जाऊ लागली.

हे सगळं असंच सुखानं चाललं असतं. पण तीन-चार वर्षांपूर्वी ट्रेमध्ये वाकडी पिल्लं दिसायला लागली.

आधी थोडी. पाठीला बाक, कल्ल्यावरचं झाकण आखूड, शेपटी एका बाजूला वळलेली. केरबा ती निवडून बाजूला काढायचा. मग अंडीच पांढरी पडून वाया जाऊ लागली. ताटल्याच्या ताटल्या. त्यानं पाणी बदललं, ट्रे घासले, पेंड बदलली. एका वर्षी उन्हाळ्यात पाणी जरा जास्त तापलं तर आठ दिवसांत तलावातले निम्मे मोठे मासे गेले, एकामागून एक, जणू ठरवून. त्याच सुमारास ट्रस्टनं सारिका नावाची मत्स्यशास्त्र शिकलेली मुलगी नेमली. वराळ्याला राहायची, रोज स्कूटरवरून यायची. केरबाला वाटलं होतं, ही पोरगी येऊन आपल्याला शिकवणार. तिनं तसं केलं नाही. पहिला महिनाभर ती त्याच्यामागे नुसती हिंडली आणि पिसानं अंडी ढवळायला त्याच्याकडूनच शिकली. मग एक दिवस तिनं सगळ्या मोठ्या माशांच्या परांचे कणाएवढे तुकडे काढून पुण्याला तपासायला पाठवले.

निकाल आला तेव्हा ती त्याच्याजवळ पायरीवर येऊन बसली.

"काका, एक विचारू? हे सगळे मासे कोणाचे?"

"ट्रस्टचं."

"तसं नाही. यांची आई कोण?"

केरबानं कण्हेरीकडे पाहिलं. "थोरली."

"सगळ्यांची?"

त्यानं मान हलवली. ती सांगताना पुढचे शब्द जपून निवडत होती, हे त्याला दिसत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागत होते. सगळी एका आईची, एका बापाची. भाऊ-बहिणींचं बी पुन्हा पुन्हा एकमेकांत. त्यानं वाकडेपणा येतो हे एक. पण त्याहून मोठं म्हणजे सगळी सारखीच झाली. एकाला जे सोसत नाही ते कोणालाच सोसत नाही. पाणी तापलं, एका झटक्यात निम्मी गेली. निरनिराळ्या घरची असती तर बरीचशी तगली असती.

"आणि नदीत आपण हीच सोडत आलोय," ती म्हणाली. "डबा वाजला की येणारी. नदीत माणसाला पाहून पळणारा मासा जगतो, काका. मी कामशेतच्या पुलाखाली गळ टाकणाऱ्या लोकांना विचारलं. ते म्हणाले, महाशीर काय, कणकेची गोळी टाकली की येतोच."

केरबाला सुहासराव आठवले. त्यांचं म्हणणं खूळ नव्हतं. आणि ते सांगत होते तेव्हा आपण मान डोलावत होतो, हेही आठवलं.

घरी हिरानं सगळं ऐकून घेतलं. एरवी तिनं सोडलं नसतं, पण त्या दिवशी तिचा आवाज खाली आला. "आपल्यात मामाची पोरगी करत्यात," ती म्हणाली, "पर भनीला सख्ख्या भावाच्या घरात कुनी दिली न्हाई. तुमाला एवढं कसं कळलं न्हाई वो?"

"मासं व्हतं गं ते."

"मंग लेकरं का म्हनत व्हता?"



दिवाळीनंतर केरबा निवृत्त होणार होता. जाताना तलाव असा सोडून जायचा, हे त्याला पटत नव्हतं. सारिका म्हणायची, बाहेरचं रक्त आणायला हवं. दुसऱ्या नदीतले महाशीर मिळतील, पण मग ते इंद्रायणीचे राहणार नाहीत. याच पाण्यातले जुने, रानटी मासे कुठे उरलेत का, ते पाहू. आणि एका सकाळी चहा पिता पिता केरबाला एकदम आठवलं. कप खाली ठेवायचंही त्याला भान राहिलं नाही.

"मॅडम, हाईत. टाकव्याला हाईत. जाखमातंच्या डोहात. बजरंग म्हनला व्हता, आमचं मासं लय बुजरं, सावली पडली तरी तळ गाठत्यात. तितं कुनी कवा जाळं लावलं न्हाई. असनारच."

कित्येक वर्षांनी त्याला बजरंगचं ते वाक्य नीट ऐकू आलं होतं. ते ऐकून तो आनंदला होता, हे सांगायला हवं. लोकलमध्ये बसून टाकव्याला जाताना तो सारिकाला सारखा तेच सांगत राहिला. तळाला असतील, दिसणार नाहीत, पण असतील. चार-सहा सापडले तरी पुरे. आपण जे घालवलं ते आपल्या हातानं परत आणून देऊन मगच घरी बसायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

डोहात जाळं लावायचं म्हणजे गावाला विचारणं आलं. बजरंगनं देवळात चार माणसं जमवली. कोणी कुरकुरलं, कोणी देवीचं नाव काढलं. "देवीचंच मासं वाचवायचं हाईत," बजरंग म्हणाला. "आन केरबा काय परका हाय का?" नारळ फोडला, एका दिवसाची परवानगी मिळाली.

श्रावण संपता संपताची सकाळ होती. पाऊस आठवडाभर उघडला होता, नदीचं पाणी उतरून निवळलं होतं. केरबानं सगळ्यांना चपला लांब काढायला लावल्या. हळू बोला, सावली पाण्यावर पडू देऊ नका, असं तो भोयांना, सारिकाला, बजरंगला, ज्याला-त्याला बजावत होता. भोई मऊ जाळं घेऊन पलीकडच्या काठाला गेले. डोह अगदी शांत होता. पाण्यावर एक तरंग नव्हता, आणि तो शांतपणा पाहून केरबाची खात्री पटत चालली होती. बुजरे मासे असेच असतात. नाहीत असं वाटायला लावतात.

तेवढ्यात सरुबाई सगळ्यांसाठी चहा घेऊन आली आणि तिनं स्टीलची किटली पायरीच्या दगडावर ठेवली. टण्ण आवाज झाला.

पाणी पायरीशी उकळलं. सोनेरी खवले, जाड ओठ, उघडी तोंडं. एकाच्या अंगावर एक चढत ते सरुबाईच्या पावलांपर्यंत आले.

"बाई गं, किती आहेत!" सारिका हसून म्हणाली. मग तिनं केरबाकडे पाहिलं.

"ह्ये वरचं हाईत," केरबा म्हणाला. "ह्ये मी सोडल्यालं. जुनं तळाला असत्यात. जाळं वढा."

भोयांनी जाळं ओढलं. एकदा, मग दुसऱ्यांदा, पार खडकाच्या कपारीपर्यंत. जाळ्यात मासे आले, चांगले मोठे आले. ते उसळले नाहीत. कोणी खवला सांडला नाही. जाळ्याच्या झोळीत ते शांत पडून राहिले, कोणी तरी घास घालेल अशा बेतानं. केरबा पाण्यात उतरला. त्यानं एक मासा दोन्ही हातांनी उचलला. मासा धडपडला नाही.

तीस वर्षं ज्या गोष्टीनं मिशीवरून हात फिरायचा, तीच गोष्ट हातात धरून तो माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा होता, आणि एका तरी माशानं आपल्या हातातून निसटावं, आपल्या तोंडावर शेपटी मारून पळावं, अशी त्यानं त्या वेळी मनापासून इच्छा केली. तो प्रत्येक मासा उचलत गेला. एकही पळाला नाही.

सारिकानं परांचे तुकडे घेतले. डोळ्यांवर विसंबू नये, तपासणी होऊ दे, असं ती म्हणाली. तिचं बरोबर होतं, पण केरबाला तपासणीची गरज नव्हती. महिन्याभरानं निकाल आला. सगळी थोरलीची. एखाद-दुसऱ्यात जुन्या डोहाचा जरासा अंश होता, तोही मिसळून गेलेला. तगड्या, खायला-प्यायला मिळणाऱ्या, गर्दीनं पुढे येणाऱ्या माशांत ते चार बुजरे कधीच हरले होते. सारिका म्हणाली, वरच्या खोऱ्यात शोधू, आणखी दोन धरणांत जाळं लावायची परवानगी मागितली आहे, काही वर्षं लागतील. केरबानं मान डोलावली. त्याच्याकडे काही वर्षं नव्हती, दिवाळीपर्यंतचेच दिवस होते.

यंदाच्या अशोक विजयादशमीला तो टाकव्याला गेला तेव्हा मांडीवर पिशवी नव्हती. लोकलमधल्या बायकांनी काही विचारलं नाही. विहारात वंदना झाली. नंतर तो डोहावर आला तर बजरंग आधीच पायरीवर बसला होता. तांब्या त्यानं शेजारी उपडा घालून ठेवला होता.

बराच वेळ दोघं खाचरातल्या भाताबद्दल बोलले. पूर्वी कशी चार-पाच वाणं लावायचे, एक गेलं तर दुसरं हाताला लागायचं, आता सगळीकडे एकच, असं बजरंग म्हणाला आणि मध्येच थांबला.

"तू बोलला व्हतास," केरबा म्हणाला.

"एकदाच बोललो. परत बोलाय पायजे व्हतं."

"मंग का न्हाई बोललास?"

"भ्यालो."

"मला?"

"तुज्या मनाला लागंल, म्हनून. एकदा लागलं व्हतं न्हवं." बजरंगनं तांब्याचा काठ बोटानं पुसला. "मासं जाऊंदेत, मानूस जायला नगो, असं वाटलं."

केरबानं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं नुसतं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. आजीच्या नावानं जे पाणी जिवंत करायला निघालो होतो, ते आपणच एकसारखं करून टाकलं. आणि ज्यानं अडवलं असतं त्याचं तोंड आपणच बंद केलं होतं. यातलं एकही आता कोणाच्या माथी मारता येत नव्हतं.

दोघांची चाहूल लागली तसे पायरीशी मासे जमू लागले होते. डबा वाजला नव्हता, तांब्या वाजला नव्हता, तरी आले. तोंडं उघडून, केरबाच्या पायाच्या बोटांपाशी.

"मॅडम म्हनल्या, यांस्नी हाक मारायची न्हाई, खायाला टाकायचं न्हाई," केरबा म्हणाला. "मानसाचं भ्या बसाय पायजे. न्हाईतर पुरात खाली गेली की गळाला लागत्यात. एक बी ऱ्हात न्हाई."

"मंग भ्या कसं बसवायचं?"

केरबा उठला. काठावरचा लिंबाएवढा एक खडा त्यानं उचलला. या माशांवर त्यानं आजवर कधी आवाज चढवला नव्हता. हात वर गेला, तिथंच थोडा वेळ राहिला. मग त्यानं डोळे मिटले आणि खडा माशांच्या मधोमध, सगळा जोर लावून मारला.

पाणी उडालं. केरबानं डोळे उघडले. खडा जिथं बुडाला होता, तिकडे सगळे मासे घास आला म्हणून धावत होते.